घर माझं, बिल भाडेकरूचं!

होम लोनचा ईएमआय तोंडपाठ. मॉड्युलर किचनच्या लॅमिनेटचा कोड नंबरही तोंडपाठ. आणि घरपट्टी? बिल आलं, मोबाइलवरून दोन मिनिटांत भरलं, विषय संपला! पुण्यात रीसेलचा वन बीएचके घेऊन राहायला आल्यापासून दोन वर्षं मी हेच करत होते. वर 'आपण कसे वेळेत टॅक्स भरतो' अशी ऐटही होती.

ती उतरवली शेजारच्या काकूंनी. बँकेतून रिटायर झालेल्या काकूंना आकड्यांत भारी रस. सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा पिताना विषय निघाला. त्यांचं बिल नऊ हजार, माझं पंधरा हजार. बिल्डिंग तीच, मजला तोच, कार्पेट एरियाही तेवढाच.

"अगं, बिल वाचलंस, की नुसतंच भरलंस?" काकूंनी विचारलं.

खरं सांगते, वाचलं नव्हतं. कपाटातून काढून पाहिलं, तर त्यावर नावसुद्धा आधीच्या मालकाचं! त्याने हा फ्लॅट भाड्याने दिला होता. म्हणजे मी माझ्याच घरात, कागदोपत्री मात्र भाडेकरूचं घर.

त्यामागचा फंडा असा. पुण्यात घरपट्टी ठरते ती त्या घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल, या हिशेबावरून. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात. मालक स्वतः राहत असेल, तर आणखी ४० टक्के सवलत मिळते. ही सवलत १९७० पासूनची. मध्यंतरी ती थांबली आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराने बिलं आली. पुणेकरांनी हा विषय लावून धरला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने सवलत पुन्हा लागू केली. मात्र ती न मिळालेल्यांनी मागायची असते, 'पीटी-३' नावाचा अर्ज भरून.

मी तो भरला. सोसायटीचं पत्र जोडलं, सोबत पासपोर्टची प्रत. मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, गॅस कार्ड, रेशन कार्ड यांपैकी काहीही चालतं. शहरात तुमची दुसरी मिळकत असेल, तर तिचं बिलही जोडावं लागतं. अर्थात, घर भाड्याने दिलं असेल तर ही सवलत तुमची नाही. तिथे चलाखी नको!

या निमित्ताने बिल पहिल्यांदा नीट वाचलं. घरपट्टी हा एकच कर नाही, हेही तेव्हाच कळलं. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ अशी मोठी यादी असते. त्यातला राज्याचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते, पैसे जातात राज्य सरकारकडे.

आपल्याला वाटतं, बिल म्हणजे शेवटचा शब्द. तसं नाही, बॉस! बिल म्हणजे महापालिकेने मांडलेला हिशेब. तो तपासायचा हक्क मालकाला कायद्यानेच दिलाय.

हे लक्षात ठेवा

• घर विकत घेतलं, की तीन महिन्यांच्या आत हस्तांतराची सूचना महापालिकेला द्यायची असते. विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही.

• बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. मालकीसाठी रजिस्टर्ड करारच लागतो. बिल जपा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

• नव्याने आकारणी झाल्याची किंवा कर वाढल्याची नोटीस आली, तर त्यात दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

• हरकतीचा निकाल पटला नाही, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली कोर्टात अपील करता येतं. मुदत फक्त १५ दिवसांची आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते.

• भांडण चालू आहे म्हणून बिल थकवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते.

पन्नास लाखांचं घर घेताना आपण नळाचा ब्रँड चार दुकानं फिरून ठरवतो. दर वर्षी येणारा एक कागद वाचायला दहा मिनिटं लागतात. माझ्या बाबतीत ती दहा मिनिटं वर्षाला सहा हजारांची होती.

आता बिल आलं, की मी आधी चहा ठेवते आणि काकूंना हाक मारते. मग बिल वाचते. भरणं त्यानंतर!