कुरकुर कुठून येते?

२०२१च्या जुलैअखेर महाडच्या गल्ल्यांमध्ये फर्निचरचे ढीग लागले होते. २२ जुलैला महाबळेश्वरच्या डोंगरावर पाऊस असा कोसळला की चोवीस तासांची नोंद ५९४ मिलिमीटरवर गेली. सावित्री नदी तिथंच उगम पावते, पोलादपूरवरून उतरते आणि महाडला येते. गांधारी नदीही फुगलेलीच होती, आणि महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळिये गावात, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडीत माणसं दरडीखाली गेली. त्यापुढं कपाट-पलंगाचं दुःख करायला तोंडही उघडत नव्हतं. पण पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायचा होता आणि चिखलाबरोबर सामानही बाहेर येत होतं.

त्या ढिगांमध्ये दोन जाती सरळ वेगळ्या दिसत होत्या. एक सागाची, शिवणीची, फणसाची. आजोबांच्या काळातले पलंग, पाट, एखादं जड कपाट. चिखलानं माखलेलं, पण आकार शाबूत. नळीनं धुऊन पडवीत सावलीला महिना-दोन महिने ठेवलं की यातलं बरंचसं पुन्हा उभं राहिलं. दुसरी जात भुशाच्या बोर्डाची, म्हणजे पार्टिकल बोर्डाची. ती चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली होती. कडा फुटलेल्या, सनमायका सोलून निघालेला, हात लावला की चुरा. लाकडाचे बारीक तुकडे रेझिनमध्ये कालवून उष्णतेत दाबले की हा बोर्ड होतो. पाणी आत गेलं की दाबून बसवलेले तुकडे मोकळे होतात आणि वाळले तरी पूर्वीच्या जाडीला परत येत नाहीत.

आणि तरीही पुरानंतर आमच्यासारख्या अनेकांनी नवं सामान घेतलं ते याच जातीचं. सागाला पैसे कुठून आणायचे? सुतारांकडे दारं-खिडक्यांचीच कामं तुंबलेली. पुठ्ठ्याच्या दोन सपाट खोक्यांतून पलंग आला, दोन पोरांनी तासाभरात जोडून दिला, आम्ही त्यावर झोपलो आणि त्या दिवसांत ते सुखच होतं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत त्यानं तोंड उघडलं. कूस बदलली की कुर्रर्र.

दिवाळीतच का, याचं उत्तर आमच्या हवेत आहे. पावसाळ्यात इथं हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांवर रेंगाळते. अशा हवेत लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं. हवा साठ टक्क्यांवर उतरली की तेच लाकूड अकरा-बारा टक्क्यांवर येतं. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला फुगतं नि आक्रसतं; चार इंच रुंद पट्टी मिलिमीटरभर सहज कमी-जास्त होते. म्हणून आषाढात खण अडकतात, दारं चौकटीला घासतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हानंतर सगळे सांधे सैल पडतात. पावसाळ्यात फुगून गच्च बसलेली लाकडी खुंटी कार्तिकात भोकात डुलायला लागते. पलंग जुना झाला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वाळलेला असतो.

आवाजांच्या बाबतीत मराठी चांगली श्रीमंत आहे, आणि दुरुस्तीला ती श्रीमंती कामी येते. खटखट म्हणजे ढिला सांधा किंवा जमिनीला न टेकलेला पाय. कुरकुर म्हणजे लाकडावर लाकूड. किरकिर बहुधा धातूची: बिजागरी, चॅनेल, बोल्ट. आणि करकर म्हणजे आख्खी फळी वजनाखाली वाकते आहे. (कोल्हापुरी चपलेतली करकर लोक मुद्दाम करून घेत, पलंगातली कुणालाच नको असते. झोपाळ्याच्या कड्यांची मात्र चालते. तिच्याशिवाय काही घरांत दुपारची झोप येत नाही.)

कुरकुर होते ती घर्षणाच्या एका लहरीमुळे. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहतात, ताण वाढतो, मग झटकन सुटतात, पुन्हा चिकटतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की कानाला सूर ऐकू येतो. व्हायोलिनचा गज तारेवर नेमकं हेच करतो, आणि चिकटणं नीट व्हावं म्हणून वादक गजाला राळ लावतो. आपल्याला उलटं करायचं आहे. एक तर घासणारे भाग घट्ट आवळून हलूच द्यायचे नाहीत, नाहीतर ते गुळगुळीत सरकतील असं बघायचं.

आमचे सुतारकाका पोलादपूरकडचे. आले ते हत्यारांची पिशवी न उघडताच जमिनीवर बसले. मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन तयार होतो. "तेल ठेवा आत, सर. आधी गादी काढा. तुम्ही एकेका कोपऱ्यावर बसा, मी ऐकतो." गादी काढल्यावर निम्मा आवाज गेला, तेव्हा तो आडव्या पट्ट्यांचा होता हे कळलं. मग मी चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं बसलो, उठलो, डोललो. काकांनी एका हाताचा पंजा सांध्यावर धरला होता. आवाज कान चुकवतो, खोलीत फिरतो. थरथर मात्र बोटांना बरोबर लागते. उशाकडच्या डाव्या कोपऱ्यात ती लागली. तिथली खूण खडूनं केली आणि मग पिशवी उघडली.

सुट्या भागांच्या फर्निचरचे सांधे समजून घेतले तर भीती जाते. लाकडी खुंटी, म्हणजे डॉवेल, फळी जागेवर धरते, पण ओढून धरत नाही. ओढायचं काम मिनीफिक्सचं. एका फळीत खिळ्यासारखा बोल्ट, दुसरीत गोल चकती. चकतीच्या पोटातली खाच मध्यावर नसून बाजूला सरकलेली असते, त्यामुळं स्क्रू ड्रायव्हरनं अर्धा फेरा दिला की बोल्टचं डोकं आत खेचलं जातं आणि फळ्या भिडतात. फेरा देताना शेवटी अडकल्यासारखं लागलं पाहिजे. चकती नुसतीच गरगरत असेल तर ती गेली. हार्डवेअरच्या दुकानात नवी मिळते. पलंगाच्या लांब बाजूंना मात्र खरे बोल्ट असतात, एलन कीनं आवळायचे.

काकांनी बोल्ट आवळण्याआधी सगळे अर्धा-अर्धा फेरा ढिले केले. मला ते उफराटं वाटलं. मग त्यांनी टेपनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा आठ मिलिमीटर जास्त, म्हणजे पलंग तिरका उभा. तिरक्या चौकटीत बोल्ट कितीही आवळा, तो तिरकाच आवळला जातो आणि महिन्याभरात पुन्हा ढिला. पायानं ढकलून कर्ण सारखे केले, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, गाडीच्या चाकाच्या नटांसारखे, थोडे थोडे घट्ट केले. जोर बेतानं. सागात बोल्ट ताकदीनं आवळता येतो. भुशाच्या बोर्डात तोच जोर भोकाचा चुरा करतो.

आमच्या एका भोकाचा चुरा झालेलाच होता. त्यावर इलाज जुना आहे: बांबूच्या काडीच्या दोन-तीन ढलप्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, दिवसभर वाळू द्यायच्या, वरचा भाग पटाशीनं साफ करून स्क्रू पुन्हा पिळायचा. नुसत्या बोर्डापेक्षा हे भोक जास्त धरतं. बोल्टखाली सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून वायसर केले. आडव्या पट्ट्या जिथं बाजूच्या पाटीवर टेकतात तिथं फेल्टची पट्टी चिकटवली आणि लाकूड लाकडाला लागतं तिथं मेणबत्तीचं बुडखं घासलं. दिवाळीत ते घरात असतंच. मधला आधाराचा पाय जमिनीपासून दोन मिलिमीटर अधांतरी होता, त्याखालीही ट्यूबचा तुकडा गेला. कागदाची घडी ठेवू नका. आमच्या पावसाळ्यात तिचा लगदा होतो.

तेलाचं काका काम करता करता सांगत होते. लाकडात तेल सोडलं की आठवडाभर शांतता, मग त्यावर धूळ बसते, मुंग्या येतात, आणि तेल प्यालेल्या लाकडाला पुढं फेव्हिकॉल धरत नाही. तेल धातूला. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. साबण घासायची युक्ती कोरड्या मुलखात ठीक. इथं साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतात.

मी म्हटलं, "काका, सगळे सांधे फेव्हिकॉलनंच चिकटवून टाका ना एकदाचे." मागणी तशी गावाला शोभणारी होती. ज्या विनायल ॲसिटेटपासून पांढरा डिंक बनतो, त्याचा कारखाना महाडच्या एमआयडीसीत उभा राहिला होता. काका हसले. "आणि पाणी आलं की वर कसा न्याल?"

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं मोलाचं वाक्य तेच. सुटं होणारं सामान ही कल्पना काही परवाची नाही. मिखाएल थोनेट यानं १८५९ साली सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नटांची खुर्ची बाजारात आणली. सुट्या केलेल्या अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. स्वीडनच्या आयकियामध्ये १९५६च्या सुमारास एका माणसानं गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले, असं सांगतात. ती कंपनी २०२० साली नवी मुंबईत तुर्भ्याला आली. पण आमच्याकडचे जुने पलंगही सुटे होत. गातं, म्हणजे बाजूची दांडी, पायाच्या खाचेत घालायचं, पाचर ठोकायची. माजघरातून माडीवर न्यायचा तर मोगरीचे दोन ठोके देऊन पाचर काढायची. पाचर ढिली पडून कुरकुरली तर आणखी एक ठोका. दुरुस्ती तेवढीच.

सावित्रीच्या काठी सांधा सोडवता येणं हा गुण आहे, आणि कुरकुर हा त्या गुणाचा खर्च. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तो भरायचा. चिकटवायचं असेल तर खुंटी एकाच फळीत चिकटवावी, दुसरी बाजू कोरडी ठेवावी. म्हणजे सांधा घट्टही राहतो आणि वेळेला उघडतोही. पुराचा इशारा आला की आमचा पलंग आता वीस मिनिटांत सुटा होऊन वरच्या मजल्यावर जातो. दोनदा करून बघितलंय, एकदा इशारा खोटा ठरला तेव्हा आणि एकदा नुसतं घड्याळ लावून.

तुमच्या पलंगाबरोबर आलेली एलन की आत्ता कुठं आहे, आठवतंय? बहुतेक स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलांच्या खाली. फराळ झाला की शोधा, चिंधीत गुंडाळा आणि उशाच्या फळीच्या मागच्या बाजूला सुतळीनं बांधून ठेवा.