डॉक्टरांची भाषा आपणही समजून घेऊ

दुखणे हाताबाहेर गेले की सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून पेशंट मिरजेला हलवतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे मिशन हॉस्पिटल उभे केले. पुढे १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. दवाखाना असा जवळ आला, पण तिथली भाषा मात्र अजून परकीच आहे. केसपेपर हातात असतो. त्यावर काय लिहिले आहे, हे विचारण्याची भीड वाटते. माता-भगिनींनो, ही भीड कधी कधी जिवावर बेतते.

सर्वांत मोठा घोटाळा ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा. एरवी तो चांगल्या अर्थाने वापरतात. तपासणीत मात्र पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडले. थुंकीचा रिपोर्ट क्षयासाठी पॉझिटिव्ह असेल तर क्षयाचे जंतू आढळले, आणि निगेटिव्ह म्हणजे आढळले नाहीत. रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे मात्र रोगाचे लक्षण नव्हे. तरीही गरोदर बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तिला खास इंजेक्शनची गरज पडू शकते.

‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेले, ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालणारे दुखणे. ‘बिनाइन’ गाठ कर्करोगाची नसते, ‘मॅलिग्नंट’ असते. ‘बायोप्सी’ म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणे. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच, असे समजून घरी पळून येऊ नये.

औषधाच्या चिठ्ठीवरील ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. खाटेवर ‘एनबीएम’ असे लिहिले असेल तर तोंडाने काहीही द्यायचे नाही. ऑपरेशनआधी पेशंट उपाशी आहे म्हणून नातेवाईक मायेने चहा-बिस्किट देतात. पण भूल दिल्यावर उलटी होऊन पोटातले अन्न फुफ्फुसात जाऊ शकते. माया इथे घात करते.

काही आकडेही ध्यानात ठेवावेत. ‘एचबी’ म्हणजे हिमोग्लोबिन. बाईचे १२ पेक्षा आणि गरोदरपणात ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. ‘बीपी’ वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, किंवा ‘फास्टिंग’ म्हणजे उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यापुढे असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्रास जाणवत नाही म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक शब्द, ‘डामा’. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेणे, असा त्याचा अर्थ. वाचून घेतल्याशिवाय अशा कागदावर सही किंवा अंगठा करू नका.

विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. औषधाचे नाव सुवाच्य लिहावे, असेही २०१६ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. म्हणून उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचाराच : मला काय झाले आहे? औषध किती दिवस घ्यायचे? काय झाले तर लगेच परत यायचे? उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीला सोबत न्या, आणि उत्तरे तिथेच वहीत लिहून घ्या.