दिलेली जमीन परत घेता येते का?

समजा, सरकारने तुम्हांला जमीन दिली. हुकूम हाती आला. तुम्ही दगड वेचले, बांध घातला. पुढे साहेब बदलला. नवा साहेब म्हणतो, "जुना हुकूम चुकला. मी तो फिरवतो." त्याला असे करता येते का?

आपल्या मर्जीने येत नाही. कायद्याने अधिकार दिला असेल तरच जुना हुकूम पुन्हा तपासता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली हेच सांगितले.

महाराष्ट्रात १९६६ चा जमीन महसूल कायदा आहे. त्याच्या २५८ व्या कलमात असा अधिकार आहे. त्याला 'पुनर्विलोकन' म्हणतात. पण त्याला कुंपण आहे. नवा महत्त्वाचा पुरावा सापडला, कागदावर उघड चूक दिसली, किंवा दुसरे पुरेसे कारण असले, तरच ते चालते. नुसती लिहिण्यातली चूक असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तहसीलदाराला आधी वरिष्ठांची परवानगी लागते. आणि तुम्हांला नोटीस देऊन तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम बदलता येत नाही.

म्हणून नोटीस आली तर घाबरू नका. तशीच खुंटीला अडकवूनही ठेवू नका. तारखेला कागद घेऊन हजर राहा. म्हणणे लेखी द्या, पोच घ्या. अक्षरे गिरवली ती यासाठीच, बरे का!