साडेचार हजार शब्द पाठ, तरी वर्तमानपत्र अडतं

चीनमधल्या महाविद्यालयांत दरवर्षी जून आणि डिसेंबरमध्ये इंग्रजीची एक मोठी परीक्षा होते. 1987 साली सुरू झालेली ही ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’. तिच्या दोन पायऱ्या आहेत, चौथी पातळी आणि सहावी पातळी. एकूण गुण 710, आणि 425 पडले की मुलं सुटकेचा निःश्वास टाकतात. चौथ्या पातळीच्या शब्दयादीत सुमारे साडेचार हजार इंग्रजी शब्द असतात. त्याआधी शाळेत प्राथमिकपासून इंग्रजी झालेलं असतं. गाओकाओ या विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेतही 750 पैकी 150 गुण इंग्रजीलाच असतात. एवढं करून यातली पुष्कळ मुलं इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखापाशी अडतात. मग कुणी म्हणतं, चित्रलिपीत वाढलेल्या माणसाला रोमन अक्षरं कशी झेपणार? कुणी म्हणतं, पाठांतर कमी पडलं. दोन्ही निदानं चुकीची आहेत. खरी अडचण वाचनातून न वाढलेल्या शब्दसाठ्यात, शब्दाशब्दांच्या जोडणीत आणि वाक्याच्या बांधणीत आहे. मराठी वाचकाला ती चटकन उमगेल, कारण चिनी वाक्याची काही वळणं इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहेत.

‘चित्रलिपीची सवय, म्हणून रोमन जड जाते’

चिनी लिपीतली बहुसंख्य चिन्हं चित्रं नाहीतच. ऐंशी टक्क्यांहून अधिक चिन्हांमध्ये दोन भाग असतात, एक अर्थाकडे बोट दाखवणारा आणि दुसरा उच्चार सुचवणारा. आईसाठी असलेलं ‘मा’ हे चिन्ह पाहा. त्याच्या डाव्या बाजूला ‘स्त्री’ आहे आणि उजव्या बाजूला ‘घोडा’. घोड्याचा आईशी काही संबंध नाही, फक्त घोड्यालाही चिनी भाषेत वेगळ्या सुरात ‘मा’ म्हणतात म्हणून तो तिथे आला. म्हणजे चिनी मूल पहिल्यापासून चिन्ह फोडून वाचायला शिकतं. ही सवय इंग्रजीत कामाची आहे. ‘टेलि’, ‘बायो’, शब्दाच्या शेवटी लागणारं ‘लेस’ असे तुकडे ओळखायला तिचा आधार मिळतो.

रोमन अक्षरंही त्यांना परकी नाहीत. 1958 साली चीनने ‘फीनयीन’ ही रोमन लिपीतली उच्चारपद्धत स्वीकारली आणि मुख्य भूमीवरची मुलं पहिलीतच ती शिकतात. पण तिथे एक खाच आहे. फीनयीनमध्ये ‘बी’ लिहिलं की उच्चार होतो ‘प’, ‘डी’ लिहिलं की ‘त’, ‘जी’ लिहिलं की ‘क’; आणि ‘पी’, ‘टी’, ‘के’ लिहिलं की फ, थ, ख (हा फ ओठ मिटून उच्चारायचा). अल्पप्राण आणि महाप्राण हा आपल्या वर्णमालेतला भेद चिनी भाषेत जसाच्या तसा आहे, फक्त लिहिण्यासाठी त्यांनी इंग्रजीची घोष-अघोष अक्षरं उसनी घेतली. ‘गाओकाओ’चा उच्चारही म्हणूनच ‘काओखाओ’च्या जवळ जातो. अक्षर ओळखीचं असतं, पण त्याच्यामागचा आवाज वेगळा असतो. शिक्षकाने हा फरक सुरुवातीलाच सांगितला तर बराच त्रास वाचतो.

उच्चाराचा हा पाया वाचनातही दिसतो. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मुख्य भूमीवरचे चिनी, हाँगकाँगचे, व्हिएतनामचे आणि ऑस्ट्रेलियाचे विद्यार्थी तपासले होते. अर्थ नसलेले, बनावट शब्द वाचताना आणि लिहिताना सगळ्यांत जास्त अडले ते हाँगकाँगचे विद्यार्थी. लिपी त्यांचीही चिनीच. मुख्य फरक असा की त्यांना लहानपणी फीनयीन शिकवलेलं नव्हतं. तेव्हा दोष लिपीला देऊन चालत नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड लहानपणी शिकवली की नाही, यावर वाचन अवलंबून आहे.

‘जितके शब्द पाठ, तितकं वाचन सोपं’

हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. पुस्तकांच्या दुकानात शब्दयाद्यांची जाडजूड पुस्तकं असतात, त्यातली कितीतरी अकारविल्हे लावलेली. यादीचा पहिला मोठा शब्द ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे, आणि मुलं तिथेच अभ्यास सोडून देतात, हा चिनी कॉलेजांतला जुना विनोद. त्यामागची व्यथा मात्र खरी आहे. अकारविल्हे यादीत ‘अडॅप्ट’ आणि ‘अडॉप्ट’ जवळजवळ येतात, एकाच संध्याकाळी पाठ होतात आणि मग आयुष्यभर एकमेकांच्या जागी बसत राहतात. सारख्या रूपाचे शब्द एकत्र शिकू नयेत. त्यांच्यात दिवसांचं अंतर हवं, आणि दोघांना वेगवेगळ्या वाक्यांचा आधार हवा.

आता आकड्यांचा हिशेब करू. पानावरच्या शंभरपैकी 95 शब्द माहीत असले, तर दर वीस शब्दांत एक अनोळखी येतो. 98 माहीत असले, तर पन्नासात एक. कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर साधारण 98 टक्क्यांची गरज असते, असं न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं. 2006 साली नेशन यांनी पुढचा हिशेब मांडला. कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रांसाठी ही पातळी गाठायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. एका शब्दकुटुंबात मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं धरतात, त्यामुळे परीक्षेच्या यादीशी थेट तुलना करता येत नाही. पण अंतर किती मोठं आहे ते कळतं. चौथी पातळी पास झालेल्या मुलीला अग्रलेख अडला तर तिची हुशारी कमी पडली असं होत नाही. तो मजकूर तिच्या शब्दसाठ्याच्या पुढचा आहे, एवढंच. उरलेले शब्द याद्यांनी भरून निघत नाहीत. आज आपल्याला जवळजवळ कळतं अशा सोप्या पुस्तकांचं भरपूर वाचनच ते काम करतं. प्रत्येक शब्दासाठी कोश उघडणं म्हणजे मेहनत, असंही पुष्कळांना वाटतं. दर ओळीला कोश उघडावा लागत असेल, तर हातातलं पुस्तक चुकीचं निवडलंय.

अनेक शब्दयाद्यांत एबिंगहाऊसच्या नावाने उजळणीचं वेळापत्रक छापलेलं असतं: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, पंधरावा दिवस. हेर्मान एबिंगहाऊसने 1885 साली विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला हे खरं आहे. पण त्याने स्वतःवर प्रयोग केले ते निरर्थक अक्षरगटांवर, आणि त्याने असं कोणतंही वेळापत्रक घालून दिलेलं नाही. अंतर ठेवून उजळणी करावी हे तत्त्व पक्कं आहे, नेमके दिवस मात्र प्रकाशकांचे.

‘एका इंग्रजी शब्दाला एक चिनी शब्द’

चिनी भाषेत ‘खाई’ असं एक क्रियापद आहे. शब्दयादीत त्याच्यासमोर ‘ओपन’ लिहिलेलं सापडतं. पण चिनी माणूस दाराला ‘खाई’ करतो, दिव्याला ‘खाई’ करतो, गाडीला ‘खाई’ करतो आणि सभेलाही ‘खाई’च करतो. मराठीत आपण दार उघडतो, दिवा लावतो, गाडी चालवतो, सभा घेतो. इंग्रजीतही चार वेगळी क्रियापदं लागतात. म्हणून मग चिनी विद्यार्थी ‘ओपन द लाइट’ लिहितो. शब्द त्याला येत असतो, शब्दाची सोबत येत नसते. ‘खान’ हे दुसरं क्रियापद पुस्तकाला, दूरदर्शनला आणि डॉक्टरला एकसारखं चालतं, तर इंग्रजीत तिथे रीड, वॉच, सी असे तीन शब्द. उत्तम गुण मिळवणारे विद्यार्थीही ‘लर्न नॉलेज’ लिहून जातात, कारण चिनी भाषेत ज्ञान ‘शिकतात’. वहीत एकटा शब्द उतरवून घेणं म्हणूनच अर्धंच काम आहे. शब्द ज्याच्या जोडीने येतो ती जोडीही उतरवायला हवी.

चिनी शब्द पारदर्शक असतात, ही आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. डुकराचं मांस म्हणजे चिनीत ‘डुक्कर-मांस’, गाईचं म्हणजे ‘गाय-मांस’. इंग्रजीत मात्र पिग आणि पोर्क, काउ आणि बीफ, दोघांचं एकमेकांशी नातं कळत नाही. चिनी सोमवार म्हणजे ‘आठवडा-एक’, जानेवारी म्हणजे ‘एक-महिना’. इंग्रजीचे सात वार आणि बारा महिने त्यांना कोरे पाठ करावे लागतात.

आणि ‘भारतीयांना जमतं, मग चिन्यांना का नाही’ ही तुलना तर अन्यायाचीच आहे. शाळेत पाऊल टाकण्याआधीच मराठी मुलाच्या तोंडी टेबल, बस, स्टेशन, डॉक्टर, पेन असे कितीतरी इंग्रजी शब्द असतात. चिनी भाषेने कॉफी आणि सोफा असे काही शब्द उच्चारासकट घेतले, पण बहुतेक नव्या वस्तूंना स्वतःची नावं दिली. संगणक तिथे ‘विजेचा मेंदू’ आहे, आणि रेल्वेगाडीला ‘हुओछे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः आपली आगगाडी. भाषेच्या दृष्टीने ही मोठी कमाई आहे. पण इंग्रजी शिकणाऱ्याला त्यामुळे फुकटात मिळणारे शब्द फार थोडे उरतात.

‘वाक्याचा क्रम सारखाच, मग भाषांतरात कसली अडचण?’

कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम चिनी आणि इंग्रजीत सारखा आहे, हे खरं. छोट्या वाक्यात तो उपयोगीही पडतो. वाक्य लांबलं की साम्य संपतं. ‘माझ्या वडिलांना काल स्टेशनवर भेटलेले शिक्षक’ हा मराठी शब्दसमूह घ्या. चिनीतही असाच क्रम असतो: आधी सगळं वर्णन, मग शेवटी ‘शिक्षक’. इंग्रजी आधी शिक्षक सांगतं आणि मग मागे शेपूट जोडत जातं, शेपटाला आणखी शेपूट. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीच्या पहिल्या प्रकारात उताऱ्यातली अशी पाच अधोरेखित वाक्यं चिनीत आणायची असतात. तिथे सगळी शेपटं उचलून नामाच्या आधी रचली की चिनी वाक्य वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो. वाक्य तोडून दोन-तीन करायची, हाच त्यावरचा उपाय. आणि इंग्रजीत एक पूर्णविराम आहे म्हणून आपल्याकडेही एकच हवा, ही भीती आधी टाकून द्यायची.

उलट दिशेला दुसरी अडचण येते. ‘अंधार पडलाय, रस्ता निसरडा आहे, हळू जा, पडशील.’ मराठीत हे चालतं, चिनीतही चालतं. ‘म्हणून’, ‘नाहीतर’ न लिहिता संबंध कळतो. इंग्रजीत हाच मजकूर स्वल्पविरामांनी जोडत नेला की शिक्षकाची लाल शाई पडते. तिथे कर्ता सांगावा लागतो, जोडशब्द लागतात, प्रत्येक क्रियापदाला काळ लावावा लागतो. चिनी क्रियापदाला काळाचं रूप नसतं, यावरून चिनी माणसाला काळाचं भान नाही असं म्हणणारेही भेटतात. ‘काल’, ‘उद्या’ आणि क्रिया पूर्ण झाल्याचं सांगणारा छोटासा ‘ल’ एवढ्यावर चिनी भाषा हे काम नीट निभावते. कमी पडते ती शब्दाचं रूप बदलण्याची सवय. बोलताना चिनी माणूस ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल करतो तेही त्याच कारणाने. तो, ती, ते या तिघांचाही चिनी उच्चार एकच, ‘था’. लिहिताना तिन्ही चिन्हं वेगळी असतात.

‘भाषांतर करत बसलं की भाषा बिघडते’

विसाव्या शतकात भाषांतराधारित शिक्षणावर इतकी टीका झाली की भाषांतर हा सरावच वाईट, असा समज पसरला. अलीकडे हवा बदलली आहे. 2010 साली गाय कुक यांनी भाषांतराला वर्गात परत आणण्याची बाजू पुस्तकभर मांडली. चीनने तर 2013 च्या डिसेंबरपासून आपली कॉलेज इंग्लिश टेस्टच बदलली. आधी अर्धवट वाक्य पूर्ण करायला असे, त्याला 5 टक्के गुण. आता एक सलग चिनी परिच्छेद तीस मिनिटांत इंग्रजीत आणायचा, 15 टक्के गुणांसाठी. विषय चहाचा असतो, शरदातल्या चंद्रोत्सवाचा असतो, रेशीम मार्गाचा असतो. लगेच संस्कृतीविषयक शब्दांच्या याद्या बाजारात आल्या. पण एखाद्या पदार्थाचं इंग्रजी नाव आठवलं नाही तर ‘पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात’ असं साध्या शब्दांत सांगता येणं, हे यादीपेक्षा मोलाचं कौशल्य आहे.

भाषांतराची कसोटी विचारली की चिनी विद्यार्थी येन फूचं नाव घेतो. ग्रिनिचच्या नौदल महाविद्यालयात शिकून आलेल्या या गृहस्थाने 1898 साली थॉमस हक्सलीचं उत्क्रांतीवरचं पुस्तक चिनीत आणलं आणि प्रस्तावनेत तीन अटी सांगितल्या: शिन, ता, या. मुळाशी इमान, पोहोचवण्याची ताकद, भाषेचं सौष्ठव. आज या तीन शब्दांचे नियमच झाले आहेत. त्याच प्रस्तावनेत येन फूने आपण शब्दशः भाषांतर केलेलं नाही, आशय पोहोचवला आहे आणि ही काही योग्य रीत नव्हे, असंही स्वच्छ लिहून ठेवलं आहे, हे मात्र सांगितलं जात नाही. त्याने हक्सलीचा मजकूर हलवला, स्वतःच्या टिपा घातल्या.

त्याच काळातल्या लिन शूला तर एकही परकी भाषा येत नव्हती. मित्र वाचून तोंडी अर्थ सांगत आणि तो अभिजात चिनीत उतरवत जाई. अशी दीडशेहून अधिक पुस्तकं त्याने केली, त्यात डिकन्सही होता. त्यात चुका होत्याच. पण त्याच पुस्तकांनी एका पिढीला परदेशी कादंबरीची गोडी लावली. अर्धं भाषांतर आपल्या स्वतःच्या भाषेत घडतं, हे इंग्रजी कच्चं असल्याची खंत बाळगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आवर्जून सांगेन. चिनी गद्य भरपूर वाचणं हाही इंग्रजीच्या भाषांतराचाच अभ्यास आहे.

वाचन, शब्द आणि भाषांतर तिन्ही एकत्र आणणारा एक सराव जुना आहे. रॉजर अॅस्कम या इंग्रज शिक्षकाने लॅटिनसाठी तो सुचवला आणि 1570 साली त्याचं पुस्तक निघालं. चिनी विद्यार्थ्याने तो असा करायचा: सहज कळेल असा शंभरेक शब्दांचा इंग्रजी परिच्छेद घ्यायचा, तो चिनीत करायचा आणि मूळ बाजूला ठेवून द्यायचं. चार-पाच दिवसांनी फक्त चिनी समोर ठेवून पुन्हा इंग्रजीत आणायचा, मग दोन्ही शेजारी ठेवायचे. चिनी विद्यार्थ्याच्या बाबतीत फरक ठरावीक जागी सापडतात: गळलेला ‘द’, एकवचनी राहिलेलं नाम, काळ न बदललेलं क्रियापद, दोन वाक्यांमधला न लिहिलेला जोडशब्द, भलत्या सोबतीत गेलेलं क्रियापद. सगळे फरक चुका नसतात. मुळातल्या एका वाक्याची तीन झाली तर बिघडलं काहीच नाही. पण जिथे मूळ लेखकाने ‘टर्न ऑन’ लिहिलं आणि आपण ‘ओपन’, ती ओळ दोन्ही शब्दांसकट वहीत उतरवून ठेवायची.