स्वॅप, एसएसडी आणि साठचा आकडा

लॅपटॉपमध्ये एसएसडी, त्यावर उबुंटू, आणि लगेच कानावर येणारा सल्ला: ‘स्वॅप बंद कर, नाहीतर ड्राइव्ह झिजेल!’ सल्ला आपुलकीचा खरा, पण जरा हिशेब मांडून बघा. सॅमसंगच्या १ टीबीच्या ८६० ईव्हीओ ड्राइव्हवर ६०० टीबी लिखाणापर्यंत कंपनीची हमी होती. स्वॅप धरून रोज ४० जीबी लिहिलं, म्हणजे घरगुती वापराला भरपूरच, तरी तो कोटा संपायला १५,००० दिवस लागतील. म्हणजे ४१ वर्षं!

रॅममधला बराच वेळ न वापरलेला डेटा ड्राइव्हवर नेऊन ठेवायचा आणि लागला की परत आणायचा, एवढंच स्वॅपचं काम. कल्पना मात्र चांगली साठीच्या पुढची आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस संगणकात छोटी कोअर मेमरी होती आणि तिच्या जोडीला फिरता चुंबकीय ड्रम. प्रोग्रॅमला मात्र दोन्ही मिळून एकच ऐसपैस मेमरी दिसायची. मेमरीचं कुठलं पान, म्हणजे तुकडा, ड्रमवर पाठवायचा, हे ठरवायला त्यात चक्क ‘शिकणारा’ प्रोग्रॅम होता!

लिनक्समध्ये ही सोय आली ती एका अडलेल्या माणसामुळे. १९९१ च्या अखेरीस जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे जेमतेम २ एमबी रॅम होती आणि तेवढ्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल होईना. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने नाताळच्या दिवसांत बसून डिस्कवर पानं नेण्याची व्यवस्था लिहून काढली. लिनक्सच्या बालपणातला हा माझा सगळ्यात आवडता किस्सा.

आता तो साठचा आकडा. लिनक्समध्ये स्वॅपीनेस नावाची सेटिंग असते, तिची मूळ किंमत ६०. रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू, असा अर्थ अनेक जण लावतात. तसं अजिबात नाही! जागा हवी असली की कर्नलपुढे दोन वाटा असतात: प्रोग्रॅमचा चालू डेटा स्वॅपमध्ये टाकायचा, किंवा ड्राइव्हवरच्या फायलींची रॅममधली प्रत सोडून द्यायची. कुठली वाट किती महाग धरायची, ते हा आकडा सांगतो. १०० म्हणजे दोन्ही वाटा सारख्याच महाग. शून्य केलं तरी स्वॅप बंद होत नाही. अगदी गळ्याशी आलं की कर्नल तिकडे वळतोच. २०२० च्या ५.८ कर्नलपासून तर हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच दाबून बसवलेला स्वॅप, वापरणाऱ्यांना शंभराच्या वरचे आकडे कामी येतात. फेडोराने ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम आपणहूनच चालू ठेवला आहे.

‘सरळ १० करून टाक’ हा मंत्र हार्ड डिस्कच्या काळात फोफावला, आणि तेव्हा त्याला कारणही होतं. रॅममधून डेटा मिळायला एक सेकंद लागतो असं धरा. त्याच मापाने चांगल्या एसएसडीला साधारण १७ मिनिटं लागतील आणि फिरत्या हार्ड डिस्कला जवळजवळ २८ तास!

सगळ्यात चकवणारी गोष्ट पुढेच आहे. स्वॅप पूर्ण बंद केला म्हणून ड्राइव्हला विसावा मिळतो असं नाही. रॅम संपत आली की कर्नल फायलींच्या प्रती सोडत सुटतो, आणि चालू प्रोग्रॅमचा कोडही त्यातच येतो. मग ब्राउझरचा तोच कोड ड्राइव्हवरून पुन्हा पुन्हा वाचला जातो, माउसचा बाण अडखळत सरकतो, ड्राइव्हचा दिवा विझायचं नाव घेत नाही. शेवटी कर्नल एखादा प्रोग्रॅमच मारून टाकतो. म्हणून एसएसडीच्या काळजीपोटी स्वॅप काढू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

विंडोजवाल्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं. विंडोज ७ च्या वेळी, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी पेजफाइलची, म्हणजे विंडोजच्या स्वॅपची, नोंद तपासली, तर दर एका लेखनामागे सुमारे ४० वाचनं निघाली, तीही बहुतेक बारीक बारीक. एसएसडीला असंच काम मानवतं, तेव्हा पेजफाइल खुशाल एसएसडीवर ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

स्वॅपीनेसच्या आकड्याशी खेळायचंच असेल तर आधी व्हीएमस्टॅट ही आज्ञा दर सेकंदाला चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने बघा. पहिला ड्राइव्हवरून परत आलेला डेटा दाखवतो, दुसरा तिकडे गेलेला. अधूनमधून आकडा उसळला तर बिनधास्त राहा. दोन्ही रकाने सतत हलते असतील, तर स्वॅपीनेस ६० चा १० करून फारसं काही हाती लागणार नाही. रॅमच वाढवावी लागेल.