लोकरीची जाडी आणि सुईचा नंबर

धाग्याची जाडी, सुईची जाडी आणि विणणाऱ्याच्या हाताचा ताण या तिन्हींवर लोकरीच्या कपड्याचे माप आणि पोत ठरतो. जाड लोकर बारीक सुईवर घेतली की वीण कडक होते आणि टाके सुईवरून सरकत नाहीत. बारीक लोकर जाड सुईवर घेतली तर कापड जाळीदार आणि ढिले पडते. हा परिणाम हवाही असू शकतो: नाजूक जाळीची शाल जाड सुईवर विणतात, तर मोजे टिकावेत म्हणून बारीक सुईवर घट्ट.

आपल्याकडे दुकानात लोकर प्लायवर मागतात. प्लाय म्हणजे एकत्र पिळलेले पदर. चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्याहून बारीक निघू शकतो, म्हणून नुसत्या प्लायवर भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकेतील क्राफ्ट यार्न कौन्सिलची ० ते ७ ही श्रेणी अधिक उपयोगी आहे. ० म्हणजे जाळीकामाचा अगदी बारीक धागा, १ म्हणजे मोज्यांची आणि बाळाच्या कपड्यांची लोकर. ३ क्रमांकाच्या लोकरीला डीके म्हणतात, तिला ३.७५ ते ४.५ मिलिमीटरच्या सुया लागतात. ४ क्रमांकाच्या वर्स्टेड लोकरीला ४.५ ते ५.५ मिलिमीटरच्या. ७ ची लोकर सर्वांत जाड. शिकणाऱ्याने ३ किंवा ४ क्रमांकाची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्यावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसत नाही आणि चूक सापडत नाही. गुंड्यावरची चिठ्ठी हरवली असेल तर पट्टीवर लोकर न ताणता शेजारी शेजारी गुंडाळावी. एका इंचात ९ ते १२ वेढे बसले, तर ती साधारण वर्स्टेड समजावी.

खरा घोटाळा सुयांच्या नंबरात होतो. भारतात रुळलेले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि ते उलटे चालतात: नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची. अमेरिकन नंबर मात्र जाडीबरोबर वाढतात. तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या १० नंबरच्या जवळजवळ दुप्पट जाड. अमेरिकन नमुना पाहून आपल्या दुकानातून त्याच नंबरची सुई आणली तर स्वेटर बहुधा मापात येणार नाही. म्हणून नंबर विसरून मिलिमीटर पाहावेत. जुन्या सुयांवरचे आकडे पुसले असतील तर भोकांची मापपट्टी स्वस्तात मिळते.

क्रोशाची सुई त्याच लोकरीसाठी थोडी जाड घेतात, वर्स्टेडला ५.५ ते ६.५ मिलिमीटरची. तोरण, रुमाल यांच्या सुती दोऱ्याचा हिशोब वेगळा आहे. तिथे ४० नंबरचा दोरा २० नंबरच्या दोऱ्याहून बारीक असतो आणि सुई स्टीलची, एक-दोन मिलिमीटरच्या आसपासची लागते.

चिठ्ठीवरची सुई ही केवळ सुरुवात. शेवटचा निर्णय नमुन्याचा, म्हणजे आधी विणून पाहिलेल्या लहान चौकोनाचा. समजा, १० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे सुमारे ४ इंचांत, २० टाके हवेत आणि पुढचा-मागचा भाग मिळून १८० टाके घातले, तर छाती ३६ इंच भरेल. हात घट्ट असल्याने तेवढ्याच जागेत २२ टाके बसले तर छाती ३३ इंचांच्याही खाली येते. दोन टाक्यांचा फरक असा अंगात न शिरणारा स्वेटर देतो. यासाठी आधी साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, कपडा जसा धुणार तसा धुऊन सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधले टाके मोजावेत. टाके जास्त भरले तर एक माप जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक, आणि पुन्हा नमुना विणावा.