पोर्टिसहेडने आपलीच ओळख पुसली

ब्रिस्टलच्या पोर्टिसहेड या तिघांच्या बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम 'थर्ड' एप्रिल २००८ मध्ये आला. आधीच्या स्टुडिओ अल्बमला जवळपास ११ वर्षं उलटली होती. इतक्या काळाने परतणारी मंडळी सहसा जुनंच चलनी नाणं बाहेर काढतात. चाहत्यांनाही तेच हवं असतं. या तिघांनी मात्र ज्या आवाजावर त्यांचं नाव झालं होतं, त्यालाच रजा दिली.

तो आवाज मोठ्या खटाटोपाने कमावलेला होता. जेफ बॅरो मूळचा स्टुडिओत टेप सांभाळणारा पोरगा. मॅसिव्ह अटॅक या बँडच्या 'ब्लू लाइन्स' या अल्बमचं काम त्याने तिथेच जवळून पाहिलं. गायिका बेथ गिबन्स आणि जॅझमधून आलेला गिटारवादक एड्रियन अटली यांच्यासोबत त्याने १९९४ मध्ये 'डमी' हा पहिला अल्बम केला. जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलायचे आणि त्यांवर गाणं उभं करायचं, ही रीत. त्यातल्या 'ग्लोरी बॉक्स' या गाण्याच्या तळाशी आयझॅक हेजच्या १९७१ मधल्या रेकॉर्डचा तुकडा आहे. १९९७ च्या दुसऱ्या अल्बममध्ये तर या वेडाने टोक गाठलं. स्वतःच वाजवायचं, त्याची रेकॉर्ड कापून घ्यायची, ती मुद्दाम झिजवायची आणि मग तिच्यावरून तुकडा उचलायचा! खरखर हवी म्हणून एवढी उठाठेव.

'डमी'ला १९९५ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं आणि तिथेच गोची झाली. जीव गुदमरण्याबद्दलची ही गाणी कॅफेंत आणि जेवणावळींत मागे मंदपणे वाजू लागली. नकला निघाल्या. 'ट्रिप-हॉप' हे लेबल चिकटलं. बॅरोला ते कधीच रुचलं नाही. माझ्या मते आवाज बदलण्याचं खरं कारण हेच. ज्या खरखरीने पूर्वी अस्वस्थ वाटायचं, तिने आता लोकांना छान वाटू लागलं होतं.

'थर्ड'मध्ये तबकडीवरचं स्क्रॅचिंग नाही, उसने तुकडे जवळपास नाहीत. 'डीप वॉटर' हे दीड मिनिटाचं, युकुलेलेवरचं साधंसुधं गाणं संपतं आणि लगेच 'मशीन गन' सुरू होतं. क्रम मुद्दाम लावलेला आहे, यात शंका नको. नावाप्रमाणेच इथे ड्रम मशीन गोळ्या झाडल्यासारखं तडतडतं; ठेका धरून मान हलवावी म्हटलं तर ती सोय नाही. त्या माऱ्यात गिबन्सचा आवाज मात्र जराही चढत नाही. शेवटी ऐंशीच्या दशकातल्या विज्ञानपटात शोभेल अशी सिंथेसायझरची धून येते, आणि सुटका होण्याऐवजी दडपण वाढतं.

'द रिप'ची कारागिरी वेगळी. बोटांनी छेडलेली गिटार, जवळजवळ लोकगीताचा बाज. मग गिबन्स एक सूर लांबवते आणि त्या सुराच्या आडून गिटारची जागा सिंथेसायझर घेतो. सांधा कुठे आहे ते सापडत नाही. अल्बममधलं हे सर्वांत देखणं काम.

सगळंच असं अस्सल नाही. 'वुई कॅरी ऑन' ऐकताना साठच्या दशकातल्या 'सिल्व्हर अॅपल्स' या अमेरिकी जोडीचं ऋण फारच उघडं दिसतं. पण उसनवारी करूनही हा बँड दुसऱ्या कुणासारखा वाटत नाही, कारण गिबन्सचा स्वर आणि त्यातली धास्ती होती तिथेच आहे. बदलली ती अवजारं. नुसती अवजारं बदलून परतणारे पुष्कळ असतात. ती का बदलली, हे गाण्यातून सांगणारे थोडे. म्हणूनच मला 'थर्ड' हा 'डमी'पेक्षा सरस वाटतो.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर हेडफोन लावून 'द रिप'पासून सुरुवात करा, मग 'मशीन गन', आणि त्यानंतर अख्खा अल्बम क्रमाने. पहिलंच गाणं, 'सायलेन्स', ऐन भरात असताना मध्येच तुटतं. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही. त्यांनी ते तसंच कापलंय.